तसल्या घरातली मुलगी काय वाचते

हेडमिसनी माझी बॅग लायब्ररीच्या टेबलावर उलटी केली. उघडली नाही. उलटी केली आणि झटकली. पोतं झटकतात तशी.

आधी डबा पडला. झाकण निघालं, शेंगदाण्याची चटणी टेबलभर सांडली. मग कंपासपेटी. मग ते पुस्तक, ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं. कव्हरवर पिवळ्या केसांची एक मुलगी आणि मागे गाडीला टेकून उभा असलेला एक मुलगा. सगळ्यात शेवटी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक घडी पडली. कागद सुटला. आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा. मला त्याच वर्षी लागायला लागला होता. वेळ सांगून येत नाही, म्हणून आईने बॅगेच्या तळाला ठेवलेला.

सातवीचा वर्ग. सगळ्या मुली टेबलाभोवती उभ्या. कुणीतरी खुसखुसलं.

हेडमिसनी ती घडी हाताने उचलली नाही. फूटपट्टीच्या टोकाने बाजूला सारली. शेजारी अनुपमाची आई उभी होती. अनुपमा माझ्याच बाकावर बसायची. तिच्या आईने एकदा घडीकडे बघितलं, एकदा पुस्तकाकडे बघितलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "बघा मिस. मुलगी मोठी झालीय, आणि वाचतेय हे."

जणू दोन्ही एकाच गुन्ह्याचे पुरावे.

मी म्हटलं, "पुस्तक लायब्ररीचं आहे, मिस."

"तुला विचारलं मी?"

नव्हतं विचारलं. पुस्तकाच्या पहिल्याच पानावर शाळेचा शिक्का होता. तोही कुणी बघितला नाही. वर्गात एवढ्या मुली होत्या. बॅग फक्त माझी तपासली.

मग हेडमिसनी टेबल पुसायला आयम्माला बोलावलं. आमच्या शाळेत आयाला आयम्मा म्हणत. आयम्मा आली. ती माझी आई होती. तिने ओल्या फडक्याने टेबल पुसलं. चटणी तिनेच सकाळी कुटली होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही. कापडाची घडी मात्र उचलली, कागदात नीट गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. सगळ्यांसमोर. मग बादली उचलून निघून गेली.

हे बेंगळुरूच्या बनशंकरी भागातल्या एका इंग्रजी शाळेत घडलं. नव्वदच्या दशकात. घराघरांत केबल येत होती आणि घराघरांत आईबाप घाबरलेले होते. मुलं काय बघतात, काय ऐकतात, कुणाशी बोलतात. सगळ्यांना सगळ्यांचा संशय. तो संशय कुणाच्या तरी डोक्यावर ठेवायला हवा होता.

आम्ही मराठी. पण पुण्या-मुंबईचे नाही. पणजोबा साताऱ्याकडून पलटणीबरोबर बेंगळुरूला आले, छावणीत साफसफाईच्या कामाला लागले आणि इथेच राहिले. गावाकडे परत जाण्यासारखं काही नव्हतंच. तिथे आमची घरं वेशीच्या बाहेर. इथे निदान वेस कुठे आहे ते दिसत नव्हतं. घरात आम्ही मराठी बोलायचो. अर्धं कन्नड मिसळलेलं. वडिलांना मी अण्णा म्हणायचे. ते एका छापखान्यात कागद कापायचे. आई शाळेत आया झाली आणि म्हणून मला त्या शाळेत फीमाफी मिळाली. फीमाफी मिळालेल्या मुली शेवटच्या बाकांवर बसत. तसा नियम नव्हता. पण आम्हाला माहीत होतं.

अनुपमा मागे आली ती डोळ्यांमुळे. तिला जवळचं वाचताना त्रास व्हायचा, फळा मात्र लांबूनही दिसायचा, म्हणून डॉक्टरांनी मागे बसवायला सांगितलं होतं असं ती म्हणायची. खरं तर तिला बोलायला कुणीतरी हवं होतं. तिच्या वडिलांचा ग्रॅनाइटचा कारखाना होता. घर मोठं, घरात माणसं कमी.

ती पुस्तकं शाळेत आली त्या वर्षीच्या जूनमध्ये. खोकी भरून. शाळेत पालकांची एक कमिटी होती, तिच्यातल्या एकाचा भाऊ अमेरिकेत होता. त्याच्या मुली मोठ्या झाल्या, त्यांची जुनी पुस्तकं त्याने शाळेला पाठवली. हेडमिसनी प्रार्थनेच्या वेळी टाळ्या वाजवायला लावल्या. सगळी पुस्तकं मुलींची. शाळा, मैत्रिणी, भांडणं, नाच, कुणाला कोण आवडतं. एखाद्या पुस्तकात शेवटी एक मुका. तेवढंच.

मी पहिलं पुस्तक घेतलं ते संशयानेच. त्यांत आमच्यासारखं कुणी नव्हतं. प्रत्येकीला स्वतःची खोली. खोलीला दार. दार आपटून बंद करायची मुभा. मला वाटायचं, हे खोटं आहे. कुठल्याच मुलीला एवढं मिळत नाही. अनुपमाला मिळत होतं, पण तिला ते कळत नव्हतं.

पण मी वाचत राहिले. कारण एक गोष्ट मला तिथे सापडली. बोलण्याची इंग्रजी. वर्गातल्या पुस्तकात राजे आणि नद्या होत्या. त्या इंग्रजीत कुणाशी भांडता येत नव्हतं. ह्या पुस्तकांतल्या मुली भांडायच्या. नाही म्हणायच्या. टीचरने उगाच आपलं नाव घेतलं तर उभ्या राहून सांगायच्या, मी नव्हते. मी ती वाक्यं घरी मोरीत भांडी घासताना हळूच म्हणून बघायचे. अण्णा विचारायचे, "काय पुटपुटतेस?" मी म्हणायचे, "अभ्यास."

मग अनुपमाचं प्रकरण झालं. ट्यूशनमधल्या एका मुलाचा तिला फोन यायचा. एके दुपारी तिच्या आईने आतल्या खोलीतल्या दुसऱ्या फोनवरून ऐकलं. फारसं काही नव्हतं. उद्या कुठला ड्रेस घालणार, एवढंच तो विचारत होता. पण आईने तिची खोली उपसली. गादीखाली तसलंच एक पुस्तक निघालं. कुठून आणलंस? अनुपमा घाबरली. तिने माझं नाव सांगितलं.

खरं उलटं होतं. तिनेच मला पहिलं पुस्तक दाखवलं होतं. कुठलं आधी वाच, कुठलं नंतर, हेही तिनेच सांगितलं होतं. पण तिच्या आईला दुसरी चौकशी करायची गरजच वाटली नाही. आयम्माची मुलगी. बस. सगळं जुळलं. आणि माझी बॅग टेबलावर उलटी झाली.

शनिवारी शाळा सुटल्यावर कमिटी बसली. विषय, ही पुस्तकं माध्यमिक शाळेच्या लायब्ररीत ठेवायची का नाही. आईला कॉफी करायला थांबवून घेतलं होतं. मला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं. खिडकी उघडी होती.

मी ऐकत होते. अनुपमाची आई म्हणाली, जाळून टाका. एक रिटायर्ड मेजर होते. ते म्हणाले, मुली वाचतायत तर वाचू द्या, इंग्रजी सुधारेल. एक डॉक्टर म्हणाल्या, आपण त्या वयात ह्याहून वाईट वाचलंय, फक्त लपवून. थोडं हसू झालं. मला वाटलं, माणसं विचार करतायत. खरंच वाटलं.

मग ज्यांच्या भावाने पुस्तकं दिली ते बोलले. "पुस्तकं काढली तर मी भावाला काय सांगू? तो पुढच्या वर्षी कॉम्प्युटर देणार आहे."

आवाज खाली आले. कुणीच जाळा म्हणेना.

आणि तेव्हा हेडमिस म्हणाल्या, "पुस्तकात दोष नाही हो. आपल्या मुलींना कळतं काय घ्यायचं, काय सोडायचं. प्रश्न आहे तो त्या फीमाफीच्या मुलींचा. घरी वातावरण नाही. ती घाण इथे घेऊन येतात आणि आपल्या मुलींना लावतात."

"करेक्ट," कुणीतरी म्हणालं. मला वाटतं, त्या डॉक्टरच.

तोपर्यंत मी समजत होते की पुस्तकाची चौकशी चालू आहे.

मला आत बोलावलं.

गोल खुर्च्या. मी मधे उभी. हेडमिस कन्नडमध्ये काही विचारणार, तेवढ्यात एक बाई पुढे झुकल्या. केळकरबाई. पुण्याहून आलेल्या. मिस्टर एका कंपनीत मोठे, मुलगी सहावीत. त्या गोड आवाजात मराठीत म्हणाल्या, "तू मराठी ना गं? मग घाबरतेस काय एवढी? ये इकडे. मला मावशी म्हण."

शाळेत माझ्याशी कुणी मराठीत बोललं की मला बरं वाटायला हवं होतं. मला संशय आला. इतके दिवस ह्या बाई गेटवर भेटायच्या. आईशी हिंदीत बोलायच्या. मराठी येतं हे माहीत असून. आज अचानक मी त्यांची भाची कशी झाले?

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "नाव काय तुझं? पूर्ण सांग."

मी सांगितलं.

"मूळ गाव?"

"साताऱ्याकडं."

"हो का! गावात घर कुठल्या बाजूला?"

अण्णा मला एकदा म्हणाले होते, तुझं गावातलं घर कुठल्या बाजूला असं जो विचारतो, त्याला तिथे काही पाहुणा म्हणून जायचं नसतं. मी म्हटलं, "गावाच्या बाहेर."

"अच्छा," केळकरबाई म्हणाल्या.

खांद्यावरचा हात उचलला गेला. त्यांनी तो मांडीवर ठेवला. पुसला नाही. पण तळवा वर होता, पदराला लागू नये असा.

"घरी खोल्या किती?"

"एक. आणि मोरी."

"सगळे तिथेच झोपता?"

"हो."

त्याच वेळी आई कॉफीचा ट्रे घेऊन दारात आली. केळकरबाईंनी तिला बघितलं. आवाज कमी नाही केला. उलट जरा सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "मग मुलांना नको ते लवकर कळतं. हो ना?"

आईच्या हातातले कप वाजले.

"बरं, ते राहू दे. ही पुस्तकं वाचून तुला काय वाटतं? खरं सांग. तुला कुणी काही करणार नाही. आम्ही तुझ्या भल्यासाठीच विचारतोय."

मी विचार केला. खरं सांगावं असं ठरवलं. "त्या मुलींना दार लावता येतं, हे वाटतं. आणि त्या टीचरला सांगतात, मी नव्हते म्हणून."

"हे कसलं गं मराठी तुमचं," त्या हसल्या. "बरं. म्हणजे उलट बोलावंसं वाटतं?"

"उलट नाही. खरं."

केळकरबाई वळल्या आणि कमिटीला इंग्रजीत सांगायला लागल्या. इतरांना मराठी येत नव्हतं. त्या म्हणाल्या, ही मुलगी कबूल करते की घरी एकाच खोलीत सगळे राहतात आणि त्यामुळे तिला नको ते लवकर कळलं. ही पुस्तकं वाचून तिला मोठ्यांना उलट बोलावंसं वाटतं. अनुपमाला पुस्तक हिनेच दिलं, तेही कबूल करते. बिचारीला त्यात काय चूक आहे हे समजत नाही. पुस्तकं हिच्यासारख्यांसाठी नाहीत, असं तिचंही म्हणणं आहे.

सगळे माना हलवत होते. हेडमिस पेनचं टोपण काढत होत्या. काम झालं होतं.

त्यांना वाटलं, मला इंग्रजी एवढं कळत नाही. आयम्माच्या मुलीला कसं कळेल? मला प्रत्येक शब्द कळत होता. माझ्याच तोंडून, माझ्याच भाषेतून, माझ्याच विरुद्ध साक्ष तयार झाली होती. मी समोर उभी असताना. माझ्या आईच्या दारिद्र्यावरून. माझ्या आईच्या देखत.

मी रडणार होते. रडले असते तर ते त्यांच्या उपयोगाचं झालं असतं. पश्चात्ताप म्हणून.

मी म्हटलं, "आय डिड नॉट से दॅट."

माना हलायच्या थांबल्या.

मी पुन्हा म्हटलं. मोठ्याने. आणि मग इंग्रजीतच सांगितलं. ह्यांनी विचारलं घरी किती खोल्या, मी सांगितलं एक. बाकीचं सगळं ह्यांचं स्वतःचं आहे. अनुपमाला पुस्तक मी दिलं नाही. तिने मला दिलं. पुस्तक शाळेचं आहे, आत शिक्का आहे. माझी बॅग झटकली तशी दुसऱ्या कुणाची का झटकली नाही?

व्याकरण चुकलं असेल. काळ इकडचे तिकडे झाले असतील. पण वाक्यं उभी राहिली.

मेजर हसले. "हिचं इंग्लिश तर झकास आहे."

"पुस्तकांमुळेच," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं.

"हेच," हेडमिस म्हणाल्या. "बघितलंत? हेच मी सांगत होते. उलट बोलणं."

त्यांच्या मुलींचं इंग्रजी सुधारलं तर ती प्रगती. माझं सुधारलं तर ते बिघडणं. हे मला त्या खुर्च्यांच्या मधे उभं राहून कळलं. कुणी शिकवलं नाही. समोर दिसत होतं.

केळकरबाई लाल झाल्या होत्या. त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. आईकडे वळून म्हणाल्या, "मुलीला जरा वळण लावा, बाई."

आईने ट्रे टेबलावर ठेवला. म्हणाली, "सरी अम्मा." आणि माझा हात धरून बाहेर आणलं.

त्या 'सरी'चा, त्या 'बरं'चा, मला भयंकर राग आला. बस स्टॉपवर मी आईशी बोलले नाही. बस आली, गर्दी होती, उभं राहायला लागलं. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "काय सांगितलंस इंग्लिशमध्ये?"

मी सांगितलं.

"कामावरनं काढलं तर? तुझी शाळा गेली तर? स्वल्प विचार करायचा होतास."

बस वळणावर कलली. आई वरची दांडी धरून उभी होती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मुलांना नको ते लवकर कळतं ना, हे त्या बाईनं तुला मराठीत विचारलं. बाकी कुणाला कळायचं नव्हतं. मग कुणासाठी विचारलं? मला ऐकू यावं म्हणून विचारलं."

तेवढंच. पण मला कळलं की तिने सगळं ऐकलं होतं. 'सरी' म्हणताना ती हरलेली नव्हती. ती मोजमाप घेत होती.

कमिटीचा निर्णय सोमवारी प्रार्थनेनंतर सांगितला. पुस्तकं लायब्ररीत राहणार. काचेच्या कपाटात, कुलूप लावून. ज्या मुलींच्या घरी योग्य वातावरण आहे, त्यांनाच मिळणार. योग्य वातावरण कुणाच्या घरी आहे, ते हेडमिस ठरवणार. अनुपमाला लगेच मिळाली. फीमाफीच्या एकाही मुलीला मिळाली नाही.

म्हणजे प्रश्न सुटला. पुस्तकं शाळेत असावीत का? असावीत. आम्ही असावं का, एवढाच प्रश्न उरला.

लायब्ररीच्या तासाला आम्हाला नीतिकथांची पातळ पुस्तकं वाटली. पहिली-दुसरीची. मोठ्या अक्षरांची, चित्रांची. आज्ञाधारक मुलगी, प्रामाणिक नोकर. मी माझं पुस्तक परत सरकवलं.

"घे," लायब्ररीच्या मिस म्हणाल्या.

"नको, मिस."

"मग काय करणार तासभर?"

"बसते."

मी बसले. हात टेबलावर ठेवून, सरळ. पुढच्या तासालाही बसले. त्याच्या पुढच्यालाही. शेजारची वॉचमनची मुलगी नीतिकथा घ्यायची आणि वाचायची. मी तिला कधी दोष दिला नाही. तिच्यावर काय ओझं होतं ते मला माहीत नव्हतं. मला फक्त माझं माहीत होतं. काचेपलीकडे पिवळ्या केसांच्या मुली दिसायच्या. मी त्यांच्याकडे बघायचेही नाही. मी मिसकडे बघायचे. त्यांना ते फार लागायचं. त्या खुर्ची दुसरीकडे वळवून बसायला लागल्या.

मग हेडमिसनी आईला ऑफिसात बोलावलं. मलाही. म्हणाल्या, मुलीने केळकरबाईंची माफी मागायची आणि दिलेलं पुस्तक वाचायचं. नाहीतर पुढच्या वर्षीच्या फीमाफीचा विचार करावा लागेल.

आई कन्नडमध्ये म्हणाली, "मिस, ती काय चुकली ते मला एकदा सांगा. मग मीच तिला पाया पडायला लावते."

"सगळ्या शाळेला माहीत आहे काय चुकली ते."

"मला माहीत नाही."

"आयम्मा, नीट विचार कर."

"केला."

हेडमिसनी तिच्याकडे बघितलं. टेबल पुसणारी बाई विचार करते, आणि केला असंही सांगते, हे त्यांनी बहुतेक पहिल्यांदाच ऐकलं असावं. त्यांनी बेल वाजवली. आम्ही बाहेर आलो. ती घाबरलेली होती. घाबरूनही ती बोलली होती.

दुसऱ्या दिवसापासून तिला वर्गांच्या कामावरून काढून फक्त संडासांवर लावलं. दोन्ही मजल्यांच्या. तिने वर्षअखेरपर्यंत ते केलं. माझी सातवी पूर्ण होईपर्यंत.

परीक्षेच्या आधी एकदा नळापाशी अनुपमा आली. आता ती पुढच्या बाकावर बसायची. डोळे अचानक बरे झाले होते. तिच्या हातात ब्राऊन पेपर घातलेलं एक पुस्तक होतं. "घे. नवीन आहे. कुणाला सांगू नको."

मी तिच्या मागे बघितलं. कॉरिडॉरमध्ये कोणी उभं आहे का ते बघितलं. हे पुस्तक माझ्या बॅगेत सापडावं अशी कुणाची इच्छा आहे का, ह्याचा विचार केला. मला तिचा विश्वास वाटला नाही. आणि तो वाटत नाही, ह्याचंच वाईट वाटलं.

"तू मिसना सांगशील का, पुस्तक मी दिलं नव्हतं म्हणून?" मी विचारलं.

तिचे डोळे भरले. "अम्मा मारेल."

"मग नको."

"मी तुझ्यासाठी आणलंय गं."

"चोरून दिलेलं नको मला. सगळ्यांसमोर दे."

ती पुस्तक छातीशी धरून उभी राहिली. मग घंटा झाली. तो सापळा होता की माया होती, मला अजून माहीत नाही. तेव्हा मी दोन्ही नाकारलं. आज घडलं असतं तरी तेच केलं असतं.

फीमाफी गेली. आई गारमेंट फॅक्टरीत लागली. दिवसभर शर्टांच्या कॉलरी शिवायची. संध्याकाळी मान वळायची नाही. मी आठवीला सरकारी शाळेत गेले, कन्नड माध्यमात. पहिले काही महिने मला काहीच कळलं नाही. विज्ञानातले शब्द नवे, गणितातले शब्द नवे. मी नापास झाले. पुन्हा बसले, पास झाले. कुणी गोड शेवट म्हणून हे ऐकत असेल तर ऐकू नये. त्या शाळेने माझं एक वर्ष खाल्लं आणि आईची मान खाल्ली. ते परत मिळालेलं नाही.

पुढे कधीतरी रद्दीच्या दुकानात त्यातलंच एक पुस्तक मिळालं. मोठेपणी वाचलं. अगदीच साधं निघालं. नाचाला कुणाबरोबर जायचं, ह्यावर शेवटपर्यंत घोळ. मला हसू आलं, मग आलं नाही. ह्यासाठी? एवढ्याशासाठी त्यांनी कमिटी बसवली, कॉफी मागवली, माझ्या घरच्या खोल्या मोजल्या?

नाही. ह्यासाठी नव्हतं. पुस्तक चांगलं की वाईट, हे त्यांनी शेवटपर्यंत ठरवलंच नाही. त्यांनी दुसरंच काहीतरी ठरवलं आणि त्याला पुस्तकाचं नाव दिलं.

आता माझी मुलगी सातवीत आहे. तिच्या शाळेतही पालकांच्या सभा होतात. कधी पुस्तकावरून, कधी दुसऱ्या कशावरून. मला बोलावतात, कधी बोलवायचं विसरतात. मी जाते. मागे बसत नाही. कुणीतरी उठतं आणि म्हणतं, हे काही मुलांच्या हातात देऊ नये, त्यांच्या भल्यासाठी. तेव्हा मी हात वर करते.

पुस्तकाबद्दल मी नंतर बोलेन, मी म्हणते. तेही बोलेन, माझी मतं आहेत. पण आधी एक सांगा. कुठल्या मुलांच्या हातात नको? मोघम नको. कुठल्या गल्लीतल्या, कुठल्या आडनावाच्या, ते सांगा. आणि जे माझ्या मुलीला नको, ते आज, आत्ता, तुमच्या मुलीच्या हातातूनही काढणार आहात का?

लोक चुळबुळतात. घड्याळं बघतात. अध्यक्ष म्हणतात, मॅडम, आपण पुढच्या विषयाकडे जाऊ.

मी म्हणते, नाही. ह्याचं उत्तर द्या.

आणि उभी राहते.